दारं बांधायचा खेळ : बुर्सामधल्या ताव्लाच्या नोंदी

प्रकल्प : बॅकगॅमन, इथल्या भाषेत ताव्ला, मुळापासून शिकणे.
ठिकाण : बुर्सा, तुर्कस्तान.
मुदत : मुक्काम असेपर्यंत, साधारण दहा आठवडे. दिवसा कापडाच्या कारखान्यातलं काम, त्यामुळे हाताशी संध्याकाळी 7 नंतरचा वेळ आणि रविवार.

5 ऑक्टोबर 2024

खोलीच्या खाली, गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे. आठ टेबलं, त्यातल्या पाचांवर ताव्ला चालू. तासभर नुसता बघत उभा राहिलो. सोंगट्या लाकडावर आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. खेळणारे घरं मोजत नाहीत. फासे थांबायच्या आत हात सोंगटीवर गेलेला असतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक निवृत्त शिक्षक असतात, पंचाहत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना आमजा म्हणतात, म्हणजे काका. त्यांनी समोरची खुर्ची पायाने जरा मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बसलो.

त्यांना इंग्रजी येत नाही, मला तुर्की येत नाही. बोटं, फोनवरचं भाषांतर आणि पट, एवढ्यावर शिकायचं ठरलं.

6 ऑक्टोबर

पट मांडायला शिकलो. 24 लांब त्रिकोणी घरं, बारा आपल्या बाजूला, बारा समोर, मधे उभी पट्टी. प्रत्येकाच्या 15 सोंगट्या. घरं ज्याने त्याने आपल्या शेवटापासून मोजायची, म्हणजे माझं 1 नंबरचं घर ते समोरच्याचं 24. मांडणी अशी : 24 वर 2, 13 वर 5, 8 वर 3 आणि 6 वर 5. समोरच्याची मांडणी आरशात पाहिल्यासारखी हीच, चाल मात्र उलट दिशेने. सगळ्या सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या (या सहा घरांना मी नोंदीपुरतं अंगण म्हणतो) आणि तिथून एकेक पटाबाहेर काढायची. पंधराच्या पंधरा ज्याच्या आधी बाहेर, तो जिंकला. हरणाऱ्याची तोवर एकही बाहेर पडलेली नसेल तर मार्स, म्हणजे दोन डावांची हार.

दोन फाशांच्या दोन वेगळ्या चाली. दोन्ही एकाच सोंगटीला देता येतात, पण मधलं पाऊलही मोकळ्या घरात पडलं पाहिजे. दोन्ही फाशांवर एकच आकडा आला तर तो चार वेळा खेळायचा. समोरच्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या जिथे आहेत तिथे पाय ठेवता येत नाही. एकटी असेल तर मारता येते. मेलेली सोंगटी मधल्या पट्टीवर बसते, आणि ती समोरच्याच्या अंगणातून परत आत येईपर्यंत आपल्याला दुसरी कुठलीच चाल नाही.

नियम एवढेच. लहानपणी आत्याबरोबर सोंगट्या खेळल्यामुळे अर्ध्या तासात समजले. पाच डाव खेळलो, पाचही हरलो, त्यातले दोन मार्स.

8 ऑक्टोबर

आज फक्त आकड्यांची नावं. बाजारात भाव सांगताना हे लोक बिर, इकी, उच् असं तुर्कीत मोजतात, पण फासे हातात आले की फारसी सुरू : येक, दु, से, जिहार, पेंच, शेश. 6-5 ला शेश बेश, त्यात सहा फारसी आणि पाच तुर्की. 1-1 ला हेप येक. 2-2 ला दुबारा, आपल्या दुबार पेरणीतला दुबार. 6-6 ला दुशेश, आणि ध्यानीमनी नसताना काही लाभ झाला तर त्यालाही इथे दुशेशच म्हणतात. आपल्याकडे फाशांवरचा पोबारा भाषेत उरला तो पळून जाण्याच्या अर्थाने. फाशांवरचे शब्द दोन गावांत दोन वाटांनी गेले.

मेलेली सोंगटी आत घेता आली नाही की समोरचा म्हणतो, 'गेले'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून वर पाहिलं. शब्द पूर्ण तुर्की आहे, आपल्याशी काही संबंध नाही. पण त्या क्षणी याहून नेमका मराठी शब्द मला सुचला नसता.

13 ऑक्टोबर

आतापर्यंत 14 डाव, विजय शून्य. आज बसून कारण शोधलं.

मी सोंगट्या खेळतोय. म्हणजे हातात दान आलं की एक सोंगटी उचलायची आणि घराकडे पळवत सुटायचं. लहानपणापासून डोक्यात तेच बसलंय : जी पुढे गेली ती वाचली. 24 वरच्या दोन सोंगट्या सगळ्यांत मागे दिसतात, म्हणून त्यांनाच आधी पळवतो. त्या वाटेत एकट्या पडतात, मरतात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आमजांनी आज डाव मधेच थांबवला. माझ्या 5 नंबरच्या घरावर बोट ठेवलं. मग एक सोंगटी 8 वरून आणि एक 6 वरून उचलली, दोन्ही त्या घरात शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, 'कापी'. फोनवर पाहिलं. कापी म्हणजे दार.

दोन सोंगट्यांनी धरलेल्या घराला इथे दार म्हणतात. ते माझ्यासाठी उघडं आणि समोरच्यासाठी बंद. असं एकेक दार लावत जायचं, समोरच्याच्या मागे राहिलेल्या सोंगट्यांच्या वाटेतच. सलग सहा दारं झाली तर त्यांच्या मागची सोंगटी कोंडलीच, कारण फाशावर सहाच्या पुढे आकडाच नाही. एका उडीत सहा दारं ओलांडता येत नाहीत आणि मधे पाऊल टेकायला जागा नाही.

मला हे इतकं आवडलं की रात्री उशिरापर्यंत कागदावर घरं काढत बसलो. हा खेळ पळण्याचा नाहीच, अडवण्याचा आहे, आणि पळायचं ते अडवून झाल्यावर.

15 ऑक्टोबर

सुरुवातीची पाठ करायची दानं. 3-1 आलं तर 8 वरून आणि 6 वरून एकेक, 5 चं दार. सुरुवातीचं सगळ्यांत चांगलं दान हेच, कारण 5 चं घर अंगणातलं सगळ्यांत मोलाचं. 4-2 ला त्याच रीतीने 4 चं दार. 6-1 ला 13 वरून आणि 8 वरून एकेक घेऊन 7 चं दार, म्हणजे 6, 7, 8 सलग तीन लागली. 5-3 ला 3 चं दार. 6-5 ला मात्र पळायचं : 24 वरची एक थेट 13 वर, तिथे आपलीच माणसं आहेत.

आज पहिला डाव जिंकलो. पहिलंच दान से येक होतं.

20 ऑक्टोबर

आज दुकानात गेलो नाही, हिशोब केला.

दोन फाशांची एकूण 36 दानं. माझी सोंगटी पट्टीवर आहे आणि समोरच्याच्या अंगणात काही दारं बंद आहेत. 'गेले' होण्याची दानं किती? एक दार बंद असेल तर 36 पैकी 1. दोन असतील तर 4. तीन असतील तर 9. चारांना 16. पाचांना 25. सहांना 36 पैकी 36.

1, 4, 9, 16, 25, 36. वर्ग! दोन्ही फासे बंद दारांवरच पडले तर 'गेले', म्हणून बंद दारांची संख्या गुणिले तीच संख्या. इतकं सोपं आहे आणि मी दोन आठवडे नुसता नशिबाला बोल लावत होतो.

यातून दिसतं ते असं की दुसऱ्या दाराने फार फरक पडत नाही, चौथ्या-पाचव्याने पडतो. तिसऱ्यावरून चौथ्यावर गेलं की 9 चे 16 होतात, चौथ्यावरून पाचव्यावर गेलं की 16 चे 25. समोरच्याची सोंगटी मारायची घाई अंगणात एकच दार असताना करण्यात अर्थ नाही. ती लगेच आत येते, आणि आपली एकटी पडलेली सोंगटी मारूनही येते.

27 ऑक्टोबर

दुसरा तक्ता. माझी एकटी सोंगटी समोरच्याच्या सोंगटीपासून किती लांब असली तर किती दानांनी मरते? मधे दारं नाहीत असं धरून :

1 घर लांब असेल तर 11 दानं, 2 ला 12, 3 ला 14, 4 ला 15, 5 ला 15, 6 ला 17. आणि 7 ला एकदम 6.

ही उडी बघण्यासारखी आहे. सहापर्यंत एका फाशाने मारता येतं, म्हणून जवळ यावं तसा धोका कमी होतो. सातपासून दोन्ही फासे जुळून यावे लागतात. म्हणून सोंगटी एकटी ठेवायचीच असेल तर एक तर अगदी अंगाला लागून, नाहीतर सहाच्या पलीकडे. मी आजवर नेमकी पाच-सहा घरांवर ठेवत होतो आणि ती सुरक्षित अंतरावर आहे असं समजत होतो.

आज 6 पैकी 2 डाव जिंकलो.

31 ऑक्टोबर

दिवाळी. इथे कामाचा दिवस. संध्याकाळी कोझा हानला गेलो. 1491 साली सुलतान दुसऱ्या बायेझिदच्या काळात बांधलेली ही सराई, कोष आणि रेशमाचा बाजार इथेच भरायचा. अजूनही वरच्या मजल्यावर रेशमी रुमालांची दुकानं आहेत आणि चौकात झाडांखाली चहा मिळतो. इचलकरंजीच्या माणसाला सूत आणि रेशीम यांचा वास असलेल्या जागेत परकं वाटत नाही. जवळच्या बाजारातून अक्रोडाच्या लाकडाचा घडीचा पट घेतला. घडी उघडली की बिजागरीचाच मधला पट्टा होतो.

इराणातली एक जुनी गोष्ट आमजांनी सांगितली होती, ती इथेच लिहून ठेवतो. हिंदच्या राजाने इराणच्या राजाला बुद्धिबळ पाठवलं आणि याचे नियम ओळखून दाखवा म्हणाला. इराणचा वजीर बुझुर्गमिहर याने ते ओळखलं आणि उलट नर्द, म्हणजे हाच खेळ, मांडून हिंदला पाठवला. तो तिथे कुणाला उलगडला नाही. गोष्टीत 30 सोंगट्या म्हणजे महिन्याचे 30 दिवस. गोष्ट ती गोष्टच, पण हिंदकडच्या माणसाला सांगताना आमजांचा चेहरा फुलला होता.

10 नोव्हेंबर

रविवार, सकाळी लवकर बसलो होतो. माझी एक सोंगटी पट्टीवर, त्यांची चार दारं बंद. 36 पैकी 16 'गेले'. मी फासे हातात घोळवत होतो. 9 वाजून 5 मिनिटांनी भोंगे वाजले. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क 1938 साली याच दिवशी याच मिनिटाला गेले. दुकानातले सगळे उठून उभे राहिले, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, लोक उतरून उभे. आमजा टेबलाला एक हात टेकवून उभे, नजर समोर. मीही उभा राहिलो, मुठीत फासे तसेच.

उभ्यानेच पट वरून दिसत होता. आत येणारा आकडा पडला तर उरलेल्या चालीत मी 5 चं दार मोडणार होतो, तिथली एक सोंगटी पुढे करून. बसल्या जागी ते बरोबर वाटत होतं. वरून पाहताना दिसलं की ते दार मोडलं की त्यांच्या मागच्या दोन्ही सोंगट्या मोकळ्या होतात. भोंगे थांबले, सगळे बसले, कुणी काही बोललं नाही. मी टाकलं, 4-2. चारने आत आलो आणि दोन 13 वरून खेळलो. दार ठेवलं. तो डाव जिंकलो.

तेव्हापासून अवघड चालीला जरा मागे रेलून पूर्ण पट बघतो. दुकानात सगळे भराभर खेळतात, पण आमजा मला घाई करत नाहीत.

17 नोव्हेंबर

आजचा डाव पूर्ण लिहून ठेवतो, कारण दहा दिवस शिकलो त्याहून जास्त या एका दानाने शिकवलं.

माझी स्थिती : 8 वर 2, 7 वर 2, 6, 5 आणि 4 वर तीन-तीन. सलग पाच दारं, आजवर बांधलेली सगळ्यांत चांगली भिंत. उरलेल्या दोन 24 वर, मागेच. त्यांच्या दोन सोंगट्या माझ्या 3 वर, भिंतीला नाक लावून. त्यांना बाहेर पडायला फक्त सहा चालतो, म्हणजे 36 पैकी 11 दानं. पण त्यांनीही आपलं 7 चं घर धरलेलं, त्यामुळे माझ्या 24 वरच्या दोघांना सहाने हलता येत नव्हतं.

मी टाकले आणि पडलं दुशेश. आजूबाजूचे दोघंतिघं वाहवा करायला लागले. आमजा गप्प होते.

चार वेळा सहा खेळायचे, आणि खेळता येत असेल तर खेळावंच लागतं. 24 वरून बंद. 6, 5, 4 वरून सहा चालत नाही, कारण मागच्या दोघी अजून बाहेर असताना पटाबाहेर काढता येत नाही. उरल्या 8 वरच्या दोन आणि 7 वरच्या दोन. त्या चारही गेल्या, दोन 2 वर, दोन 1 वर. पाच दारांच्या भिंतीतली दोन दारं माझ्याच हाताने मोडली. आता त्यांना चार, पाच, सहा तिन्ही चालत होते, 11 ची 27 दानं झाली. पुढच्याच चालीला एक सुटली आणि डाव गेला.

खोलीवर येऊन विचार केला. दोष दुशेशचा नाही. भिंत बांधली, पण भिंत धरून ठेवायला लागणाऱ्या फुकटच्या चाली ठेवल्या नव्हत्या. दोघंही कोंडलेले असतात तेव्हा ज्याच्याकडे भिंतीला हात न लावता खेळायला काही शिल्लक आहे तो टिकतो. 13 वरच्या सोंगट्या मी आठवडाभर आधीच घाईने उतरवायची सवय लावून घेतली होती. त्या तिथे असत्या तर सहा तिकडे खर्च झाले असते. आणि 24 वरच्या दोघींपैकी एकीने वेळेत त्यांच्या दारांच्या काठापर्यंत सरकायला हवं होतं.

इचलकरंजीत मागावर बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आला की पुढचा बीम आधीच भरून तयार ठेवतात, माग थांबू देत नाहीत. तेच इथे.

24 नोव्हेंबर

लॅपटॉपवर ग्नू बॅकगॅमन उतरवून घेतलं आहे. फुकट आहे आणि खेळलेल्या प्रत्येक चालीत किती गमावलं ते सांगतं. दुकानातल्या रीतीशी दोन फरक. आमच्या टेबलावर आपल्या अंगणात सोंगटी मारली की मारणारीने त्याच चालीत पुढे पळायचं नाही, लॅपटॉपवर ती मुभा आहे. आणि इथे दुप्पटीचा फासा आहे, 2, 4, 8, 16, 32, 64 असे आकडे असलेला. तो 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आला. आपल्याला वरचढ वाटलं की डावाची किंमत दुप्पट करायची. समोरच्याने मान्य करायचं किंवा आहे त्या किमतीला डाव सोडायचा.

कधी मान्य करावं? चार डाव सोडले तर 4 गेले. चारही दुप्पट किमतीला खेळून त्यातला एक जिंकला तर तीन हरून 6 गेले, एक जिंकून 2 आले, म्हणजे 4 च गेले. तेव्हा चारांत एक जिंकायची आशा असेल तर खेळावं, त्याहून कमी असेल तर सोडावं. 17 तारखेचा डाव दुशेशनंतर मी सोडायला हवा होता का, हे त्या स्थितीत मांडून पाहणार आहे.

सुरुवातीच्या 2-1 वरून आमजांशी मतभेद. ते 13 वरची एक 11 वर आणि 6 वरची एक 5 वर एकटी ठेवतात. पुढच्या चालीला झाकली की 5 चं दार. 36 पैकी 15 दानांनी ती मरते, आणि मेली तर 20 घरांचा तोटा. मी 2 ची चाल 13 वरून 11 वर आणि 1 ची 24 वरून 23 वर खेळतो. यंत्राच्या मते दोन्ही जवळजवळ सारख्याच.

आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी 1992 च्या सुमारास टीडी-गॅमन केलं, ते स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकलं. मागच्या दोघींना सरकवायची माझी चाल मोठ्या खेळाडूंमध्ये रुजली ती त्या यंत्राचा खेळ पाहून. त्याआधी 1979 मध्ये मोंटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या यंत्राने विश्वविजेता लुइगी विल्लाला 7-1 ने हरवलं होतं. बर्लिनर यांनी स्वतःच नंतर सांगितलं की दानं यंत्राच्या बाजूने पडली. आमजांना हे फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या 2-1 ला पुन्हा 5 वर एकटी ठेवली. ते पन्नास वर्षं तसंच खेळतात आणि त्यानंतरची स्थिती त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगली कळते. मला वाटतं, त्यांच्या हातात ती चाल जास्त बरोबर आहे.

1 डिसेंबर

शर्यतीचा हिशोब. दोघांच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या की अडवाअडवी संपली, मग फक्त कोणाच्या सगळ्या सोंगट्यांना बाहेर पडेपर्यंत मिळून किती घरं चालायची शिल्लक ते. सुरुवातीला दोघांचीही 167. एका दानात सरासरी 8 च्या थोडं वर खर्च होतात. मी पुढे असेन तर अडवाअडवी सोडून शर्यत सुरू करायची, मागे असेन तर एखादं दार धरून बसायचं आणि सोंगटी मारायच्या संधीची वाट बघायची. एवढं मोजलं तरी निम्म्या चाली आपोआप ठरतात. मोजायला मला अजून मिनिट लागतो.

13 डिसेंबर

शेवटची संध्याकाळ. पाच गुणांचा सामना, 5-3 ने हरलो. एकूण हिशोब : 131 डाव, 38 विजय. त्यातले 29 गेल्या पाच आठवड्यांतले. आमजांनी स्वतःच्या फाशांची जोडी दिली, बारीक, हाडाच्या रंगाची, ठिपके जवळजवळ पुसलेले.

28 डिसेंबर, इचलकरंजी

आत्याला पट दाखवला. तिने दिवाणावर मांडी घालून नियम ऐकून घेतले. दार म्हणजे काय ते सांगायला लागलो तर म्हणाली, "अरे, जुगच की हे. जुग फोडायचा नसतो."

दोन डाव झाले, एकेक. तिला दानांची नावं पाठ करायची आहेत, वहीत लिहून घेतलीत, आणि शेश बेशमध्ये पाचाला पेंच का नाही म्हणत असं विचारते. तिसऱ्या डावात तिची 4, 5, 6, 7 सलग चार दारं लागली आहेत आणि माझ्या दोन मागेच आहेत. जेवणाची वेळ झाली म्हणून पट तसाच टेबलावर ठेवलाय. चाल तिची आहे.